कुणाचं चुकलं? : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात अकरा पत्रं आली. श्रावणाचा पाऊस असा लागलाय की खानापूर तालुक्यातून आलेलं एक पाकीट भिजून शाई पसरलेलं मिळालं. उन्हं नव्हती, म्हणून तव्यावर वाळवून वाचलं. इथे चारच पत्रांना जागा आहे. बाकीच्यांना पोस्टानं लिहिते. नावं आणि पत्ते नेहमीप्रमाणे काढून टाकले आहेत.

नवीन वाचकांना एवढंच सांगते, की मी मानसशास्त्र शिकलेली बाई नाही. २९ वर्षं बेळगावात एका पतसंस्थेच्या काउंटरवर कॅशियर होते. मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, दोन्ही एकाच वाक्यात बोलणारी माणसं रोज समोर असायची. जे सांगते ते त्या काउंटरवरचं आणि घरातलं.

प्रश्न : काकू, मी २७ वर्षांचा आहे. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर) लागलो. हायड्रॉलिक व्हॉल्वमधले सरकते दांडे, म्हणजे स्पूल, करतो. दोन महिन्यांपूर्वी गोकाककडचा नवीन कन्नड सुपरवायझर आला. गेल्या आठवड्यात माझ्या शिफ्टला ४० पीस रिजेक्ट झाले. पहिला पीस मी मोजला होता, तो बरोबर होता. मग चहापर्यंत मोजलं नाही, हे खरं. पण त्यानं सगळ्यांसमोर “निनग केलसा बर्तैतो इल्लो?” (तुला काम येतंय का नाही?) म्हणून विचारलं. मी मराठी म्हणूनच हे झालं, याची मला खात्री आहे. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. नोकरी सोडावी वाटते, पण घरात कमावता मी एकटाच.

उत्तर : तुझं पत्र मी माझ्या भाच्याला वाचून दाखवलं. तोही त्याच कामातला. पत्र संपायच्या आत त्यानं विचारलं, “मावशी, रात्रपाळीवाल्यानं ऑफसेट बदललेला काय? वहीत लिवलेला काय?” मला काही कळेना, तेव्हा त्यानं ताटातल्या पापडावर बोटानं रेघ ओढून समजावलं. कापणारं टोक झिजत जातं, तसं पीसचं माप हळूहळू सरकतं. म्हणून मधे मधे मायक्रोमीटर लावायचा आणि मशीनला तेवढी दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, द्यायची. आधीच्या पाळीनं दुरुस्ती दिली आणि नोंद केली नाही, तर पुढच्याला पत्ताच लागत नाही. पहिला पीस बरोबर येतो आणि विसाव्याला घोळ होतो. तो म्हणाला, “चूक त्याची हाय, पण एकट्याची नसंल.”

म्हणून तुझं पहिलं काम वही उघडायचं. त्या दिवशी आदल्या पाळीची नोंद आहे का, टोक कधी बदललं, हे बघ. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही की जुन्या कॅशियर बाई म्हणायच्या, “आधी आपला गल्ला मोज, मग दुसऱ्याकडे बघ.” तू आपला गल्ला अर्धा मोजलायस. चहापर्यंत मापलं नाही, हे तू मला लिहिलंस. ते त्याला सांगितलंस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही.

आता तुझ्या खात्रीबद्दल. मी तुझ्या भावनेला खोटं म्हणणार नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला गेला. तेव्हापासून इथल्या मराठी माणसाच्या मनात एक ठसठस आहे. दर वर्षी त्या तारखेला निघणाऱ्या काळ्या दिवसाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून मीही चालले आहे. ऑफिसात आपल्या भाषेतला कागद मिळत नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल तुझ्या लेथवर लागणार नाही, आणि त्या सुपरवायझरच्या हातातही नाही.

एक करून बघ. “तुला काम येतंय का नाही?” हेच वाक्य एखाद्या येळ्ळूरच्या किंवा कडोलीच्या मराठी सुपरवायझरनं सगळ्यांदेखत म्हटलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? “डिस्पॅचचं टेन्शन हाय त्याला,” असंच ना? आपल्या माणसाचं वागणं आपण परिस्थितीवर घालतो आणि दुसऱ्याचं त्याच्या जातीवर, भाषेवर, स्वभावावर. ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये यातल्या दुसऱ्या भागाला एक नावच दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना माणूस स्वभावाला जास्त धरतो आणि प्रसंगाला कमी, असं त्यांचं म्हणणं. मला हे वाचायला साठी उलटावी लागली, पण काउंटरवर रोज दिसत होतं. रांगेत ओरडणारा माणूस उद्धट वाटायचा. पासबुक बघितलं की कळायचं, उद्या हप्त्याची तारीख आहे.

“निनग” या शब्दाचंही सांगते. त्या बाजूला वयानं लहान माणसाला एकेरीच बोलतात, मायेनंही आणि रागानंही. एवढ्यावरून तो तुला हलकं समजतो असं ठरत नाही. पण सगळ्यांसमोर बोलला ते वाईटच. ते मराठीत बोलला असता तरी वाईटच होतं. त्याला कारण असेल, म्हणून ते योग्य ठरत नाही. समजून घेणं म्हणजे गिळून टाकणं नव्हे. हे तुझ्या पिढीला कुणी नीट सांगत नाही, आणि आमच्या पिढीतल्या बायकांना तर उलटंच शिकवलं.

तेव्हा जा. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं, मशीन बंद असताना, एकट्यानं. वही बरोबर घे. त्याच्याच भाषेत सांग : “सर, नंद तप्प ऐतरी, साइज नोडलिल्ल. आदर एल्लार मुंद बैब्याडरी.” सर, चूक माझी आहे, माप बघितलं नाही, पण सगळ्यांसमोर बोलू नका. आधी पहिलं वाक्य, मग दुसरं. पहिलं सोडून दुसरं म्हणालास तर भांडण होईल. दुसरं सोडून पहिलंच म्हणालास तर पुढच्या आठवड्यात तू परत मान खाली घालून उभा असशील. त्यानंतर वही दाखव आणि म्हण, दोन्ही पाळ्यांनी ऑफसेट लिहायचा नियम करूया. बहुतेक सुपरवायझरांना असं सांगणारा माणूस हवाच असतो.

कन्नडमध्ये बोललास म्हणून तुझं मराठीपण तसूभर कमी होत नाही. “नंद तप्प” हे शब्द मी कुठे शिकले, ते खाली निपाणीच्या पत्रात सांगितलं आहे. तेवढं वाच.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयाच्या कमिटीत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात सगळे पैसे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना द्या. आम्ही जुने म्हणतो कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बंद झाले तर ते वाचनालय कसलं? तीन मीटिंगा भांडणात गेल्या. एकमत कसं करायचं?

उत्तर : करू नका. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, तिच्या कठड्याशी एकदा दोन्ही तटांनी जाऊन उभं राहा. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं. त्यांनी अध्यक्षपद घेतलेलं ते एकच अधिवेशन. कायदेमंडळात जायचं की नाही यावरून तेव्हा काँग्रेस उभी फाटली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी १९२३ च्या सुरुवातीला स्वराज पक्ष काढला होता, आणि गांधीजींना कायदेमंडळात जाणं मान्य नव्हतं. बेळगावात त्यांचं मत काही बदललं नाही. स्वराज पक्षानं काँग्रेसच्या वतीनं कायदेमंडळातलं काम बघावं, बाकीच्यांनी खादी आणि विधायक काम बघावं, या आधीच झालेल्या समझोत्यावर इथे शिक्कामोर्तब झालं. महिन्याला २००० वार सूत ही सभासदत्वाची अटही त्याच वेळची.

मताला मत जुळवत बसलात तर चौथी मीटिंगही जाईल. पैशाचे दोन भाग करा, कपाटं दोन करा, खजिनदार मात्र एकच ठेवा. वर्षाअखेर कुठल्या कपाटातली पुस्तकं किती वेळा बाहेर गेली ते रजिस्टर सांगेल. आणि परीक्षेच्या पुस्तकांची यादी जुन्यांपैकी एकानं आणावी, दिवाळी अंकांची एका तरुणानं. यात मी हट्टी आहे. दुसऱ्याचं काम चार दिवस हातात घेतल्याशिवाय ते कळत नाही.

प्रश्न : (भिजलेलं पत्र हेच.) मावशी, मी ५४ वर्षांची. माहेरी काजूची बाग आणि दोन एकर भाताची जमीन, वडिलोपार्जित. दीड वर्षापूर्वी भाऊ म्हणाला, तू सही कर, मुलीच्या लग्नात मी सहा लाख देतो. मी हक्कसोडपत्रावर सही केली. लग्न झालं. भाऊ पाचशे रुपयांचं पाकीट घेऊन आला आणि जेवून गेला. या वर्षी पंचमीला मला न्यायला आला. मी गेले नाही. आई म्हणते, रक्ताचा आहे, माफ कर. नवरा म्हणतो कोर्टात जा. मला दोन्ही नको वाटतं आणि दोन्ही हवंही वाटतं. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली “जेवून गेला” ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सहा लाखांपेक्षा तेच जास्त लागलंय तुम्हाला. आपल्या पंगतीत बसला, वाढून घेतलं, आणि विषय काढला नाही.

तुमच्या आईंनी दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. माफी वेगळी आणि हक्कसोड वेगळी. माफी तुमच्या मनातली गोष्ट आहे, तिला वेळ लागेल, आणि ती कुणी मागून घेऊ शकत नाही. जमीन ही कागदाची गोष्ट, तिला मुदत असते. २००५ च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा वाटा दिला, आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तुम्ही सही केली आहे, म्हणून गोष्ट सोपी नाही. पण फसवून घेतलेला कागद रद्द करून मागता येतो. ती मागणी फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत करावी लागते. तेव्हा मनाचं ठरायची वाट बघत कागदाची मुदत घालवू नका. कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारत नाहीत. हक्कसोडपत्राची नक्कल, जमिनीचा उतारा, आणि भावाचे फोनवरचे मेसेज असतील तर तेही घेऊन जा. नुसतं विचारून आलात म्हणजे भावावर खटला भरला असं होत नाही.

आणि पंचमीचं. मला वाटतं तुम्ही जायला हरकत नव्हती. ते घर तुमच्या आईचंही आहे. झोका, लाह्या, तंबिटाचे लाडू यांवर भावाची मालकी नाही. जायचं, आईजवळ बसायचं, आणि भावाला बाहेर बोलावून एवढंच म्हणायचं, “तू सहा लाख म्हणाला होतास. मी विसरले नाही.” माफ केलं असंही म्हणायचं नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत. तुमचं मन मोकळं व्हायला त्यानं आधी ते वाक्य ऐकायला हवं. आजवर ते तुम्ही मला, आईला आणि नवऱ्याला सांगितलंत. त्याला नाही.

प्रश्न : मी निपाणीचा, वय ६६. आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बावीस जणांचा. देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब माझ्या ३५ वर्षांपासूनच्या मित्राकडे होता. फरशीच्या पैशात तफावत दिसली आणि मी ग्रुपवर लिहिलं की देवाचे पैसेही सुटले नाहीत. दोन दिवसांनी फरशीवाल्याची पावती निघाली, हिशेब चोख होता. मित्र काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. मी त्याला मेसेज केला, “काही चुकलं असल्यास क्षमस्व.” निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. आता सव्वा महिना झाला. तो फिरायलाही दुसऱ्या रस्त्यानं जातो. माफी मागितल्यावर अजून काय करायचं असतं?

उत्तर : भाऊ, तुम्ही अजून माफी मागितलेली नाही. तुमच्या मेसेजमधला “असल्यास” हा शब्द बघा. चूक झाली की नाही हे तुम्ही त्यांनाच ठरवायला सांगितलंत. पावती निघाल्यावर “असल्यास” उरतं कुठे?

आपली भाषा फार सोयीची आहे. “गैरसमज झाला”, “चूक झाली”, “शब्द निघून गेला”. या वाक्यांत माणूसच नाही. चूक पावसासारखी आपोआप पडते. मीही एकदा असंच वाक्य घेऊन गेले होते.

१९९६ ची दिवाळी तोंडावर होती. संध्याकाळी माझ्या गल्ल्यात ५०० रुपये कमी आले. तीन वेळा मोजले. आमच्याकडे एक शिपाई होते, बैलहोंगलकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. दुपारी चहा द्यायला ते काउंटरच्या आत आले होते. मॅनेजरांनी विचारलं, आत कोण आलं होतं? मी म्हटलं, “हेच आले होते.” एवढंच म्हटलं. चोर म्हटलं नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

मॅनेजर म्हणाले, खिसे दाखवा. त्यांनी सगळ्यांसमोर दोन्ही खिसे उलटे केले. एकातून चुन्याची डबी आणि बसचं तिकीट निघालं. दुसऱ्यातून एक लाल रिबन, नवी, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली. खिशाचं पांढरं अस्तर बाहेर लोंबत होतं आणि ते तसेच उभे होते, कुणी आत घाला म्हणेपर्यंत. कुणी म्हटलं नाही. पैसे मी माझ्या पगारातून भरले, आणि त्यामुळे सोसणारी मीच, असं मला वाटत राहिलं. महिन्याभरात त्यांची दुसऱ्या शाखेत बदली झाली.

मार्चअखेरीला व्हाउचरच्या फाइली बांधताना ती नोट सापडली. एका व्हाउचरच्या पाठीला डिंकानं चिकटली होती. तारीख तीच, सही माझी.

रविवारी बस धरून त्यांच्या गावी गेले. ते दारात शेंगा फोडत बसले होते. मी नोट मिळाल्याचं सांगितलं आणि म्हटलं, “तप्पायितरी.” चूक झाली. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं, “यार तप्परी?”

कुणाची चूक?

मला उत्तर देता येईना. मला वाटतं एक मिनिट तरी गेलं असेल. मग म्हटलं, “नंद तप्प.” माझी चूक. तेव्हा ते म्हणाले, “होगली बिडरी, अक्कावर.” जाऊ द्या हो, ताई. आणि त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणला.

परतीच्या बसमध्ये मला कळलं की काम अर्धंच झालंय. खिसे सतरा माणसांसमोर उलटे झाले होते, आणि “नंद तप्प” मी एकट्या त्यांच्या अंगणात म्हणून आले होते. पुढच्या स्टाफ मीटिंगला मी उभी राहिले, नोट आणि व्हाउचर टेबलावर ठेवलं, आणि तारखेसकट सगळं सांगितलं. मॅनेजरांना ते आवडलं नाही. नंतर ते सगळं त्या शिपायांच्या फाइलला लावून घेतलं, तेही मागे लागून.

तुमचंही तसंच आहे, भाऊ. बावीस जणांसमोर लिहिलंत, तर त्याच ग्रुपवर लिहा. “मी अमुक तारखेला अमुक लिहिलं. ते खोटं होतं. पावती मी पाहिली आहे. चूक माझी आहे.” पावतीचा फोटो टाका. “पण” हा शब्द नको, हात जोडल्याचं चित्र नको. ते ग्रुपमध्ये नाहीत, तरी बाकीचे वीस जण आहेत, आणि तुम्ही डाग त्यांच्या मनात पाडलाय. मग त्यांच्या घरी जा. वहिनींसमोर बोला. त्यांनी काय ऐकलं असेल याचा विचार तुम्ही पत्रात कुठे केलेला दिसला नाही. दसऱ्याला सोनं देताना विषय मिटवू, असं मनात असेल तर ते काढून टाका. आपण आपटा देतो, कन्नड लोक बन्नी (शमीची पानं) देतात आणि “बंगारदंग इरोण” म्हणतात, सोन्यासारखं राहूया. फार सुंदर रीत आहे. पण ती भांडण झाकायला वापरली की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. सणाच्या दिवशी हात पुढे आला की पान घ्यावंच लागतं. त्यांना नाही म्हणायची मोकळीक हवी.

आणि सगळं पहिल्यासारखं होईल, हे मी सांगू शकत नाही. ते शिपाई दोन वर्षांनी आमच्या शाखेत परत आले. दर दसऱ्याला पान द्यायचे, घ्यायचे. माझ्या मुलाच्या लग्नाला सहकुटुंब येऊन जेवले. त्यांच्या मनात राग नव्हता, हे मी खात्रीनं सांगते. पण संध्याकाळी गल्ला मोजायची वेळ झाली की ते उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. एकदा पाऊस होता, शिंतोडे अंगावर येत होते. मी म्हटलं, आत या की. ते म्हणाले, “इल्ले आराम ऐतरी.” इथेच बरं आहे. रिटायर होईपर्यंत ते त्या पायरीवर बसले, आणि मी आत नोटा मोजत राहिले.

तुम्ही जाऊन या. मित्रानं दार उघडलं तर मला कळवा, नाही उघडलं तरी कळवा.